जमिनीवरच्या कासवाला काय वाढायचं: नव्याने पाळणाऱ्यांसाठी

कासवासमोर टोमॅटोची एक फोड आणि कसलीशी हिरवी पानं ठेवली, तर ते आधी टोमॅटोकडे जातं. लाल आणि पिवळा रंग कासवांना ओढून घेतो. नवा पाळणारा यावरून ठरवतो की याला टोमॅटोच आवडतो, आणि रोज तोच देतो. कासव आनंदाने खातं, वाढतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी कधीतरी कवच दाबल्यावर मऊ लागतं किंवा मागचे पाय ओढत चालताना दिसतं. जे आवडतं ते मानवतंच असं नाही, आणि कासवाच्या बाबतीत ही चूक फार उशिरा कळते, कारण या प्राण्याचं सगळंच संथ असतं. आजारी पडणंही.

कासवाच्या आहाराचं गणित तसं सोपं आहे: भरपूर तंतू, भरपूर कॅल्शियम, कमी साखर, कमी प्रथिनं. विविधता म्हणजे दहा प्रकारच्या भाज्या नव्हेत. याच चौकटीत बसणारी वेगवेगळी पानं, गवतं आणि फुलं आलटून पालटून देणं म्हणजे विविधता.

आधी कासव कोणतं ते पाहा

मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या दोन्ही प्राण्यांना लागतो, आणि इथेच पहिला घोळ होतो. बोटांमध्ये पडदा आणि चपटं कवच असेल तर ते पाण्यातलं कासव. त्याचा आहार वेगळा, आणि बहुतेक जाती अन्न पाण्यातच गिळतात. पाय हत्तीसारखे खांबासारखे आणि कवच घुमटासारखं असेल तर ते जमिनीवरचं. हा लेख फक्त त्याच्याविषयी आहे.

जमिनीवरच्या कासवांचेही आहाराच्या दृष्टीने साधारण तीन गट पडतात. हर्मन, ग्रीक आणि रशियन कासवं रुंद पानांच्या रानवनस्पती खातात. सुलकाटा आणि लेपर्ड ही चरणारी कासवं. त्यांच्या ताटात गवत आणि वाळलेला चारा मिळून तीन चतुर्थांशाच्या वर हवा. रेड-फूटेड दमट जंगलातलं. ते पानांबरोबर थोडी फळं, आळंबी आणि क्वचित एखादं गांडूळही खातं. हर्मनला रेड-फूटेडचा आहार दिला तर पोट बिघडतं, आणि सुलकाटाला रोज कोवळी सॅलडची पानं दिली तर तंतू कमी पडतात.

जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्या जाती ‘सायटीस’ या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. त्यामुळे रीतसर आलेल्या कासवाच्या कागदपत्रांवर शास्त्रीय नाव असतं. ते नाव पाहूनच आहार ठरवा, विकणाऱ्याच्या तोंडी नावावर नको. तुम्ही राहता तिथे ती जात पाळायला परवानगी आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

अन्नाच्या आधी: ऊब, प्रकाश, पाणी

कासवाला दात नसतात. ते चोचीने तुकडा तोडतं आणि जवळजवळ तसाच गिळतं. खरं काम मोठ्या आतड्यात होतं. तिथले सूक्ष्मजीव तंतू आंबवतात आणि त्यातून कासवाला ऊर्जा मिळते. हे आंबणं उबेवर चालतं. कासव स्वतःची ऊब तयार करत नाही, त्यामुळे अंग गार असेल तर खाल्लेलं तसंच पडून राहतं आणि कुजतं. म्हणून जागेच्या एका टोकाला दिव्याखाली 32 ते 35 अंश सेल्सिअस तापमान ठेवा आणि दुसरं टोक 22 ते 26 च्या आसपास, म्हणजे कासव स्वतःच ऊन-सावली निवडेल. तापमान भिंतीवर नको, कासवाच्या पाठीच्या उंचीवर मोजा. दोन्हीत सहज पाच-सहा अंशांचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट यूव्हीबी किरण, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार. यांच्या मदतीने कासवाची त्वचा डी3 जीवनसत्त्व तयार करते आणि डी3 शिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. पानात कितीही कॅल्शियम असलं तरी किरण नसतील तर ते वाया जातं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे उपयोगाचं नाही, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. कासव घरातच असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी नळी लावा आणि ती वर्षभरात बदला, काही प्रकार तर सहा महिन्यांतच. नळी डोळ्यांना उजळ दिसत राहते, पण किरण मात्र कधीच घटलेले असतात. नळी लावलेल्या दिवसाची तारीख तिच्या टोकाला लिहून ठेवली तर हा घोटाळा टळतो.

तिसरं पाणी. ‘कासव पानांतूनच पाणी घेतं’ हा समज मोडून काढायला हवा. उथळ, जड, न उलटणारी ताटली कायम भरलेली ठेवा; पाणी हनुवटीच्या वर जाता कामा नये. पिल्लांना रोज 15 ते 20 मिनिटं कोमट पाण्यात बसवा, मोठ्यांना आठवड्यातून एक-दोनदा. पाणी 30 अंशांच्या आसपास असावं. बहुतेक कासवं याच वेळी पाणी पितात आणि विष्ठाही टाकतात, त्यामुळे अंघोळ हीच तपासणीची वेळ. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग दह्यासारखा मऊ असेल तर ठीक. तो खडूसारखा घट्ट किंवा रवाळ आला तर पाणी कमी पडतंय, आणि असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडे होतात.

कवचावर उंचवटे येणं, ज्याला पिरॅमिडिंग म्हणतात, त्याचा दोष पूर्वी सगळा प्रथिनांवर टाकला जायचा. 2003 साली सुलकाटा पिल्लांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा बराच जास्त दिसला. तेव्हा पिल्लाचं कवच उंचसखल होत असेल तर केवळ आहार बदलून थांबू नका. माती किंवा नारळाच्या भुशाचा थर खोलवर ओलसर राहतोय का, ते पाहा.

ताटात काय हवं

रोजच्या ताटाचा कणा रानवनस्पती, गवत आणि झाडांची पानं हाच असावा. बाजारातली सॅलडची पानं ही अडीनडीची सोय. कारण साधं आहे. माणसाने भाज्या कोवळ्या, गोडसर आणि कमी तंतूंच्या व्हाव्यात म्हणून शेकडो वर्षं निवड केली आहे. आपल्याला जे हवं, नेमकं तेच कासवाला नको असतं.

कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण किमान 2 ला 1 असावं. डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रानवनस्पतीच्या 100 ग्रॅम पानांत सुमारे 187 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 66 मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, म्हणजे जवळजवळ 3 ला 1. टोमॅटोत हे उलटं आहे: कॅल्शियम साधारण 10, फॉस्फरस 24. अन्नात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असेल तर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते काढून घेतं. सुरुवातीला सांगितलेलं मऊ कवच इथूनच येतं.

भरवशाची पानं अशी: डँडेलियन, रुंद पानाचं प्लँटॅगो, चिकोरी, एंडाइव्ह, जास्वंदीची पानं, तुतीची पानं, द्राक्षवेलीची पानं, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले फड. जास्वंद आणि तुती यांची शिफारस आवर्जून करावीशी वाटते: झाड एकदा रुजलं की सतत पानं मिळतात, तंतू भरपूर असतात आणि कासवं ती मनापासून खातात. फड्या निवडुंगात कॅल्शियम आणि पाणी दोन्ही जास्त. बारीक केसाळ काटे मात्र सुरीने खरवडून किंवा आचेवर धरून घालवावे लागतात, मोठे काटे उपटले म्हणजे काम झालं असं नाही. फुलांत जास्वंद, गुलाबाच्या पाकळ्या, नॅस्टर्शियम चालतात. क्लोव्हर आणि लसूणघास यांत प्रथिनं जास्त, म्हणून थोडीच.

चरणाऱ्या जातींना हरळी, म्हणजेच दूर्वा, आणि टिमोथी किंवा ऑर्चर्ड गवताचा वाळलेला चारा सतत समोर असू द्या. पिल्लांना वाळलेला चारा तोडता येत नाही. तो कात्रीने एक सेंटिमीटरचा कापा, दहा मिनिटं पाण्यात भिजवा आणि ओल्या पानांत कालवून द्या. सुरुवातीला चिमूटभरच, मग दर आठवड्याला थोडा वाढवत न्या.

पानं कुठून आणता याला पानांइतकंच महत्त्व आहे. रहदारीच्या रस्त्याकडेची, फवारणी झालेल्या हिरवळीवरची किंवा कुत्री फिरवण्याच्या जागेवरची पानं नकोत. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडात मुळांवाटे शोषलेलं कीटकनाशक असू शकतं आणि ते धुऊन जात नाही. असं झाड नव्या मातीत लावा, जुनी पानं काढून टाका आणि नवी वाढ येऊन काही महिने गेल्यावरच ती वापरा. आणि ओळख पक्की नसलेलं पान ताटात जाऊच देऊ नका. ‘प्राण्याला आपोआप कळतं’ हे घरात वाढलेल्या कासवाला लागू पडत नाही.

पान धुऊन, पाणी झटकून, पण चिरून नाही, असं द्या. मोठ्या कासवासाठी आख्खी पानं आणि देठंच बरी; तोडताना चोच झिजते आणि मानेचा, पायांचा व्यायाम होतो.

काय टाळायचं, आणि का

सगळ्याच ‘नको’च्या पदार्थांना एकाच मापाने मोजू नये. काही थेट विषारी आहेत, काही नुसते निरुपयोगी, काहींचं प्रमाण चुकतं.

थेट विषारी: ॲव्होकॅडो, रुबार्बची पानं, कण्हेर, घाणेरी, अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन, डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह, बटाट्याची आणि टोमॅटोची पानं. घरातल्या कुंड्यांमधली डिफेनबाकिया आणि फिलोडेंड्रॉन तोंड-घसा सुजवतात. कासव घरात मोकळं फिरत असेल तर या कुंड्या जमिनीवर ठेवू नका.

पालक हे वेगळं प्रकरण. कागदावर त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण चांगलं 2 ला 1 दिसतं. पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे ते अंगी लागत नाही. बीटची पानं, स्विस चार्ड आणि घोळ यांचंही तसंच. एखाद्या दिवशी दोन पानं खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. रोजचं अन्न म्हणून मात्र नको. कोबी, ब्रोकोली, केल यांतले घटक जास्त प्रमाणात गेले तर थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, म्हणून तेही अधूनमधूनच.

काकडी आणि आइसबर्ग लेट्यूस म्हणजे 95 टक्के पाणी. पोट भरतं, मिळत काहीच नाही.

फळांतल्या साखरेने आतड्यातल्या सूक्ष्मजीवांचा तोल जातो, विष्ठा पातळ होते आणि परजीवी बळावतात. हर्मन, ग्रीक, रशियन, सुलकाटा, लेपर्ड यांना फळं देऊच नयेत, हे उत्तम. रेड-फूटेडला आठवड्यातून एक-दोनदा पपई किंवा अंजिराचा लहान तुकडा चालतो.

पाव, भात, दूध, चीज आणि कुत्र्या-मांजराचं अन्न यांना ताटात जागा नाही. दुधातली साखर पचवण्याची सोय कासवाच्या शरीरात नाही, आणि कुत्र्या-मांजराच्या अन्नातली प्रथिनं पाने खाणाऱ्या प्राण्याच्या मूत्रपिंडावर भार टाकतात. डाळी आणि मटारही याच कारणाने नकोत.

रोजचा क्रम

1. सकाळी दिवा लागल्यावर किंवा ऊन आल्यावर कासवाला तास-दीड तास शेकू द्या. अंग तापण्याआधी अन्न ठेवू नका.

2. अन्न खडबडीत, सपाट दगडावर किंवा पाटीच्या दगडावर ठेवा. चोच झिजते, आणि वाळू-भुसा तोंडात जात नाही. वाळू पोटात साठली तर आतडं तुंबतं. हातातून भरवू नका. सवय लागली की कासव बोटालाच अन्न समजतं.

3. प्रमाण ठरवायचं माप कासवाच्याच पाठीवर आहे: त्याच्या कवचाएवढा सैलसर पानांचा ढीग, दिवसातून एकदा. पिल्लांना रोज द्या. पूर्ण वाढलेल्या हर्मन किंवा रशियन कासवाला आठवड्यातून एक दिवस काही दिलं नाही तरी चालतं. चरणाऱ्यांचं गवत आणि वाळलेला चारा मात्र मोजायचा नाही, तो कायम असू द्या.

4. एका वेळी तीन-चार प्रकारची पानं एकत्र द्या आणि आठवडाभरात निदान आठ-दहा प्रकार फिरवा. वेगवेगळे ढीग केले तर कासव आवडीचंच निवडतं.

5. ओली उरलेली पानं संध्याकाळी उचला. उबेत ती रात्रीतून बुरशी धरतात.

कॅल्शियमसाठी फॉस्फरस नसलेली साधी कॅल्शियम कार्बोनेटची पूड घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मावेल तेवढी ओलसर पानांवर भुरभुरा: पिल्लांना आठवड्यातून चार-पाच वेळा, मोठ्यांना दोन-तीन वेळा, अंडी देणाऱ्या मादीला रोज. डी3 मिसळलेली पूड फक्त तेव्हा, जेव्हा कासव घरातच आहे आणि किरणांची खात्री नाही. तीही आठवड्यातून एक-दोनदा. उन्हात राहणाऱ्या कासवाला तिची गरज नाही, आणि तोंडावाटे गेलेलं जादा डी3 शरीराबाहेर सहज जात नाही. जागेत कटलफिशचं हाड, म्हणजे समुद्रफेस, ठेवलं तर ते हवं तेव्हा कुरतडतं. बहुजीवनसत्त्वांची पूड आठवड्यातून एकदा पुरे.

तयार गोळ्यांचं अन्न भिजवून, आठवड्यातून एक-दोनदा, पानांच्या जोडीला. हिवाळ्यात पानं मिळत नाहीत तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो. पाकिटावर पहिला घटक धान्य असेल तर ते घेऊ नका. गवत असेल तर घ्या.

हर्मनसाठी एक आठवडा असा दिसू शकतो. सोमवारी डँडेलियन, प्लँटॅगो आणि तुतीची पानं, वर कॅल्शियम. मंगळवारी चिकोरी, जास्वंदीची पानं आणि एक फूल. बुधवारी द्राक्षवेलीची पानं, एंडाइव्ह, थोडं क्लोव्हर, कॅल्शियम. गुरुवारी फड्या निवडुंगाचा फड आणि डँडेलियन. शुक्रवारी भिजवलेल्या दोन-चार गोळ्या, प्लँटॅगो, तुती. शनिवारी जे हाताशी असेल त्याची सरमिसळ, गुलाबाच्या पाकळ्या आणि कॅल्शियम. रविवारी फक्त पाणी आणि अंघोळ. सुलकाटासाठी हाच आठवडा, पण प्रत्येक दिवशी ताटाचा बहुतांश भाग गवताचा, आणि रविवारीही गवत समोर.

टोमॅटोला चटावलेलं कासव

आधीच्या मालकाकडून आलेली बरीच कासवं काकडी-टोमॅटोशिवाय कशालाच तोंड लावत नाहीत. एकदम बंद करू नका. पहिल्या आठवड्यात जुनं तीन भाग आणि नवीन एक भाग, दोन्ही अगदी बारीक चिरून, घट्ट कालवा, म्हणजे निवडता येणार नाही. टोमॅटोचा रस पानांना लागला की वासावर ती जातात. दुसऱ्या आठवड्यात निम्मं-निम्मं, तिसऱ्यात एक भाग जुनं, चौथ्यात नाही. मधेच कासव एक-दोन दिवस रुसून बसलं तर निरोगी, वाढलेल्या कासवाला त्याने धोका नाही; पाणी आणि अंघोळ चालू ठेवा आणि मागे फिरू नका. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतका ताण देऊ नये, तिथे हेच सहा-आठ आठवड्यांत करा.

हिवाळी झोप

हर्मन, ग्रीक आणि रशियन कासवं थंडीत झोपतात. त्याआधी तीन-चार आठवडे अन्न बंद करायचं, अंघोळी मात्र चालू, कारण गार आतड्यात राहिलेलं अन्न कुजून वायू होतो आणि कासव दगावू शकतं. ग्रीक कासवाच्या काही प्रकारांना मुळात ही झोप नसते, म्हणून पहिल्या वर्षी हे जाणकार पशुवैद्याच्या देखरेखीखालीच करा. जाग आल्यावर आधी कोमट अंघोळ, मग अन्न. आठवडा उलटूनही खाल्लं नाही तर दाखवा. सुलकाटा, लेपर्ड आणि रेड-फूटेड यांना झोपवायचं नसतं.

बिघाड ओळखायचा कसा

दर आठवड्याला, एकाच वारी, खाण्याआधी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. कवचामुळे कासव बारीक झालेलं दिसत नाही, ते वजनातच कळतं. एखाद्या अंघोळीनंतर वजन थोडं खाली-वर होणारच. सलग तीन आठवडे उतरत असेल तर कारण शोधायला हवं. पिल्लाचं वजन सावकाश पण सतत चढतं असावं. भराभर चढत असेल तर तेही चांगलं नाही, अन्न जास्त होतंय.

खाणं बंद झालं की आधी तापमान मोजा. बहुतेक वेळा दिवा गेलेला असतो किंवा ऋतू पालटलेला असतो. मग यूव्हीबी नळीची तारीख पाहा. नव्या घरी आलेलं कासव आठवडाभर कमी खातं, आणि अंडी घालायच्या आधी मादीही. यातलं काहीच नसेल, किंवा नाक वाहत असेल, डोळे सुजले असतील, तोंड उघडं ठेवून श्वास चालू असेल, जबडा रबरासारखा लवत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका.

विष्ठा गडद, घट्ट आणि तंतू दिसणारी हवी. पातळ झाली तर दोन-तीन दिवस फक्त वाळलेला चारा आणि तंतुमय पानं द्या. तरीही सुधारली नाही तर ताजा नमुना झाकणबंद डबीत घालून त्याच दिवशी तपासायला न्या. चोच खालच्या ओठावरून पोपटासारखी वळली असेल तर अन्न फार मऊ आहे, पण ती घरी कापू नका, आतल्या जिवंत भागाला इजा होते. आणि जंतांचं औषध कधीही अंदाजाने देऊ नका. कुत्र्या-गुरांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवांना मारक ठरतं; पशुवैद्य सरपटणाऱ्या प्राण्यांवर नेहमी उपचार करणारा नसेल, तर ही गोष्ट त्याला आधीच सांगा.